मार्जरी हेलिवेलचे एकोणीस महिने

डेनिस रशवर्थ आमचा खासदार झाला तो सदतीस मतांनी. पहिल्या मोजणीत तो अकरा मतांनी पडला होता, दुसरीत बावन्न मतांनी आला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नगरभवनात गठ्ठे सोडून पुन्हा एकेक मत मोजलं तेव्हा आकडा सदतीसवर येऊन थांबला. निवडणूक अधिकाऱ्याने निकाल वाचला. डेनिसच्या बायकोला रडू आलं, डेनिस खुर्चीत नुसता बसून राहिला आणि मार्जरी हेलिवेल आपला कोट शोधायला लागली. ती शाळेत स्वयंपाकीण होती. अकराच्या आत दीडशे मुलांचे बटाटे उकडायला टाकायचे होते.

ती सदतीस मतं मार्जरीची होती, हे थॉर्नक्लफमध्ये सगळ्यांना माहीत होतं. पक्षाच्या गावातल्या समितीची ती अध्यक्ष. पगार नाही, कचेरी नाही, कागदपत्रं तिच्या स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या डब्यात. मी त्याच समितीवर होतो आणि पक्षाची पत्रकं माझ्या छापखान्यात छापली जायची, म्हणून पुढचं बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. जे मी पाहिलं नाही, ते तिने नंतर सांगितलं. तेही एका दमात नाही; दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्याने.

मार्जरी चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत लागली. एका छपराखाली तीनशे माग. त्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून विणकर बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. या टोकाची त्या टोकाच्या बाईला घरची भांडणं सविस्तर सांगायची आणि मुकादमाला पत्ता नसायचा. तेहतीस वर्षांत मार्जरीचा डावा कान पार गेला, उजवा निम्मा गेला, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोण काय बोलतंय ते तिला आमच्यापेक्षा लवकर कळायचं. गावात लोक म्हणायचे, मार्जरीबद्दल काही बोलायचं असेल तर तिच्याकडे पाठ करून बोला.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला पहिलं मूल झालं. तेव्हा थॉर्नक्लफला बाळंतपणाची सोय नव्हती. ब्रॅकनफील्डचं इस्पितळ नऊ मैलांवर, मधे मोकळा माळ. फेब्रुवारीत कळा सुरू झाल्या, रस्त्यावर बर्फ, आणि कोळशाच्या गाडीतून नेताना अर्ध्या वाटेत मुलगी झाली. तासभर जगली. पुढे काही वर्षांनी गावातल्या छोट्या दवाखान्यात बाळंतपणाचा वॉर्ड निघाला, बारा खाटांचा. तिचा कीथ तिथे जन्मला. तो आता कॅनडात असतो. पहिल्या मुलीबद्दल मार्जरी कधी बोलायची नाही. मला तिच्या नवऱ्याने, हॅरल्डने सांगितलं. हॅरल्ड त्याच माळावरच्या रस्त्याने बस चालवायचा.

निवडणुकीच्या आधी बातमी आली की सरकार छोटे वॉर्ड बंद करून मोठ्या इस्पितळात मिसळणार आहे. यादीत थॉर्नक्लफ होतं. सरकार आमच्याच पक्षाचं. डेनिसचं पत्रक ठरवायला आम्ही मार्जरीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ती म्हणाली, "नॉर्मन, वर मोठ्या अक्षरांत घाल. वॉर्ड बंद करणाऱ्या सरकारला माझं मत मिळणार नाही."

डेनिस बिचकला. तो शाळामास्तर, छत्तीस वर्षांचा, पहिल्यांदाच उभा राहिलेला. "अहो मार्जरी, सरकार आपलंच आहे."

"म्हणून तर लिहायचं. दुसऱ्यांचं असतं तर लिहिण्यात काय मोठेपणा?"

मी आठ हजार प्रती छापल्या. त्या वाटत मार्जरी सहा आठवडे गावातले जिने चढली-उतरली.

आता देशात काय झालं ते सांगतो. पंतप्रधान जेफ्री लॉरिमर यांच्याकडे चांगलं बहुमत होतं. ते आणखी वाढेल म्हणून त्यांनी मुदतीच्या दीड वर्ष आधी निवडणूक लावली आणि चाळीसेक जागा घालवून बसले. पक्ष सगळ्यांत मोठा राहिला, पण बहुमत गेलं. एका लहान पक्षाच्या सात खासदारांनी हात दिला म्हणून सरकार उभं राहिलं. पक्षातलेच लोक लॉरिमरनी जावं म्हणून उघड बोलायला लागले. रोज पेपरात त्यांचा फोटो, रोज गालफडं थोडी आणखी बसलेली. तीन आठवड्यांनी, बुधवारी, संसदेत विश्वासदर्शक ठराव यायचा होता आणि लंडनमध्ये एकेक डोकं मोजणं चाललं होतं.

पक्षाच्या खासदारांना मोजून हजर ठेवण्याचं काम ज्याच्याकडे असतं त्या प्रतोदाचं नाव फ्रँक टॉली. त्याने डेनिसला बोलावून घेतलं. डेनिस म्हणाला, "माझा शब्द छापील आहे. तो मी माझ्या मनाने मोडणार नाही. समिती म्हणाली तर मत देईन, नाहीतर बाहेर बसेन."

टॉलीने त्याला दम दिला, मग जेवायला नेलं, मग पुन्हा दम दिला. डेनिस हलला नाही. घाबरलेला माणूस कधीकधी असा घट्ट राहतो. मग निरोप आला की शनिवारी पंतप्रधान स्वतः थॉर्नक्लफला येणार आणि समितीशी बोलणार.

"त्याला नऊ नंबरच्या बसने आण," हॅरल्ड बायकोला म्हणाला. "माळावरचे खड्डे अंगाला लागले की पुढचं समजावून सांगावं लागणार नाही."

"तो आगगाडीने येतोय."

"मग काही कळायचं नाही त्याला."

शनिवारी दुपारी ते आले. सहकारी भांडाराच्या वरच्या मजल्यावर आमची सभा भरायची. समितीचे आम्ही वीस जण आणि अध्यक्ष म्हणून मार्जरी. डेनिस एका बाजूला, लग्नात नको असलेल्या पाहुण्यासारखा. लॉरिमर फोटोत दिसायचे त्यापेक्षा उंच होते. त्यांना सर्दी झाली होती, कोटाला चुण्या पडल्या होत्या आणि दर दोन वाक्यांनी ते रुमाल काढत होते. मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

ते चांगलं बोलले. गिरण्यांबद्दल बोलले, त्यांचे वडील गोदीत कामाला होते त्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "तुमच्या वॉर्डाचा प्रश्न अजून खुला आहे. अंतिम निर्णय झालेला नाही. मी जातीने लक्ष घालीन. पण त्यासाठी बुधवारी मी असायला हवा."

खोलीतली माणसं थोडी सैलावली. विल्फ अ‍ॅक्रॉइड सोडला तर. विल्फ चौऱ्याहत्तरचा, जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात राबलेला. पक्षात तो आमच्या सगळ्यांच्या आधीपासून होता. तो पुटपुटला, "जातीने लक्ष घातलं की कायकाय बंद पडतं ते बघितलंय मी."

मतदानाआधी चहा ठरला होता. मार्जरीने आल्याचा ओटचा केक केला होता. ती टेबलामागे उभी राहून कप भरत होती. लॉरिमर आणि टॉली पलीकडच्या खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे अर्धवट तोंड करून हलक्या आवाजात बोलायला लागले. मधे वीस माणसं, कपबशांचा आवाज. दोघंही अगदी निर्धास्त.

मार्जरीने भरता भरता एक कप ओतू जाऊ दिला. ते मी पाहिलं. मला वाटलं, दमली असेल.

फडक्याने टेबल पुसून ती सरळ खिडकीपाशी गेली. "लॉरिमरसाहेब, जरा आत येता का? कप कमी पडतायत, पुसायला एक हात हवाय."

टॉली पुढे झाला. "मी येतो."

"तुम्ही नको. तुम्ही केक खा."

आतल्या छोट्या स्वयंपाकघरात मी पाण्याचा बंब भरत होतो. मला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून मी थांबलो. मार्जरीने बाही वर केली, कप विसळायला घेतले आणि पंतप्रधानांच्या हातात फडकं दिलं. त्यांनी पुसायला सुरुवात केली. दोन-तीन कप झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मंगळवारी सही झाली."

"कसली सही?"

"वॉर्ड बंद करायची. पत्र सोमवारी निघणार. बुधवारचं आटोपलं की पुढच्या सोमवारी."

लॉरिमरनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "टॉली कुणाकुणाला सांगत सुटलाय?"

"तुम्हालाच सांगितलं त्याने. आत्ता, खिडकीपाशी. तुम्ही म्हणालात, मला माहीत आहे, इथे नको तो विषय." तिने पुढचा कप त्यांच्या हातात ठेवला. "मी तेहतीस वर्षं गिरणीत काढली, साहेब. आम्ही ओठांवरून ऐकतो."

ते हसले, पण त्यातला बराचसा खोकला होता. "संसदेत तुमच्यासारखी एक जरी असती तर मी केव्हाच घरी गेलो असतो."

"अजून जाल. तो कप ओला आहे."

त्यांनी तो पुन्हा पुसला. मग बोलायला लागले तेव्हा आवाज सभेतला नव्हता. "हेलिवेलबाई, असे एकतीस वॉर्ड आहेत. आरोग्यमंत्र्याने सही केली, मी हो म्हटलं. निवडणुकीआधीच ठरलेली गोष्ट. आज ते बाहेर सांगितलं तर रशवर्थचं मत गेलं. एक मत गेलं तर कदाचित सरकार गेलं. मग ते पत्र दुसरा कोणी पाठवेल. त्यात तुम्हाला काय मिळालं?"

"हे मला कळतं. म्हणून तर आत बोलावलं. नाहीतर चहा ओतता ओतताच सांगितलं असतं सगळ्यांना."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"बाहेर जाऊन तुम्हीच सांगा."

त्यांनी पुढचा कप उचलला.

"सहा आठवडे मी तुमच्या नावाने दारं वाजवलीत," मार्जरी म्हणाली. "काही दारं तोंडावर बंद झाली, तीही तुमच्याच नावाने. तुम्ही आमचे आहात, चारचौघांत तुमची शोभा करायची मला हौस नाही. पण खोटं सांगून मत घेतलंत तर त्या सोमवारी डेनिसला या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मलाही नाही. तुम्ही लंडनला असाल. आम्हाला इथेच पाव आणायला बाहेर पडायचंय."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"मी सांगेन. त्याआधी मला एक सांगा. खरोखर तुमच्या हातात काय आहे? द्यावंसं वाटतं ते नको, देता येईल ते."

लॉरिमरनी फडकं नीट घडी घालून ओट्यावर ठेवलं. "आदेश मागे घेता येईल. या एका वॉर्डापुरता. पण मी खुर्चीवर आहे तोवरच. मी गेलो की माझा शब्दही गेला. पुढचा माणूस त्याला बांधलेला नसतो."

"आणि तुम्ही किती दिवस आहात?"

"बुधवारपर्यंत नक्की."

मार्जरीला हसू आलं. मला वाटतं तिला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा आवडला.

ते बाहेर गेले आणि त्यांनी सांगितलं. मघाशी बोललो ते खरं नव्हतं, सही मंगळवारी झाली आहे, ती मी मागे घेईन, आणि मी पंतप्रधान आहे तोवर थॉर्नक्लफचा वॉर्ड चालू राहील. त्यापुढचं वचन माझ्याजवळ नाही. एवढंच. टॉली भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पडला.

विल्फ उठून उभा राहिला. "म्हणजे वीस मिनिटांपूर्वी तुम्ही आमच्याशी खोटं बोललात."

"हो," लॉरिमर म्हणाले.

कुणीतरी ओरडेल असं मला वाटत होतं. पण विल्फ नुसता म्हणाला, "लिहून द्या." मी खिशातून आमचंच एक पत्रक काढून दिलं आणि त्याच्या पाठीवर पंतप्रधानांनी दोन ओळी लिहून सही केली.

मग मतदान झालं. डेनिसला शब्दातून मोकळं करावं म्हणून अकरा हात वर झाले, विरुद्ध आठ. माझा अकरांत होता. विल्फने कुठेच हात वर केला नाही. अध्यक्ष असल्यामुळे मार्जरीला मत नव्हतं. डेनिसने हात दोनदा मोजले, आणि आकडे तेच आल्यावर खाली बसला.

स्टेशनवर टॉलीने तिला बाजूला घेतलं. "बाई, आज काय करून ठेवलंत कळतंय का? सोमवारपर्यंत गावोगावची बाई आपापला वॉर्ड घेऊन आमच्या दारात उभी राहील."

"मग त्यांच्याशीही खरं बोला. सवय होईल."

टॉलीचं काही चुकलं नव्हतं. बातमी पेपरात आली आणि बुधवारपर्यंत आणखी तीन खासदार आपापले कागद घेऊन पंतप्रधानांकडे गेले. एकाला पूल मिळाला, एकाला बंदर, तिसऱ्याला काय मिळालं कळलं नाही. बुधवारी संध्याकाळच्या बातम्यांत निकाल आला: दोन मतांनी सरकार वाचलं. मार्जरी आणि हॅरल्ड रेडिओपाशी बसले होते, मी पण होतो. हॅरल्ड म्हणाला, "चला, राहिला तुझा माणूस." मार्जरी म्हणाली, "आता किती दिवस?" आणि बिस्किटांचा डबा काढून कागद शोधायला लागली.

गावाला ते सगळं आवडलं असं नाही. डेनिसच्या दारावर कुणीतरी खडूने 'विकाऊ' लिहून गेलं. त्याच्या बायकोने ते पुसलं. काहींचं म्हणणं होतं, मार्जरीने फार स्वस्तात सोडलं. अडलेला पंतप्रधान दाराशी आला होता, कायमचा कागद करून घ्यायला हवा होता. विल्फ तर सरळ तिच्या घरी गेला. "पोरी, त्याची मान तुझ्या हातात होती. आणि तू त्याला कप पुसायला लावलेस."

"मान धरून खोटंच वचन मिळालं असतं, विल्फ. कायमचं त्याच्याजवळ नव्हतंच."

"ते त्याने ठरवायचं होतं, तू नाही." एवढं बोलून विल्फ गेला तो दीड वर्ष तिच्याशी बोलला नाही. सभेला यायचा, कोपऱ्यात बसायचा, विरुद्ध हात वर करायचा आणि जायचा. मार्जरीला ते लागलं. तिला राजकारणात ज्याने आणलं तो विल्फच होता.

मात्र तिने हातावर हात ठेवले नाहीत. तिचा हिशेब साधा होता. लॉरिमर जाणार, त्यांच्यामागून वॉर्ड जाणार. कधी ते ठाऊक नाही, म्हणून रोज उद्या जाणार असं धरून चालायचं. तोवर गावाला दुसरं काहीतरी मिळायला हवं. थॉर्नक्लफला रुग्णवाहिका नव्हती. बोलावली की ती ब्रॅकनफील्डहून निघायची, नऊ मैल येणार, रुग्ण घेणार, नऊ मैल परत. माळ दोनदा ओलांडायचा. मार्जरीने मागणी केली: एक गाडी थॉर्नक्लफच्या अग्निशमन केंद्रात कायम उभी हवी, आणि गाडीबरोबर एक सुईण.

आरोग्य मंडळाने उत्तर दिलं की वॉर्ड चालू असताना अशा गाडीची गरज दिसत नाही. तिने दुसरं पत्र पाठवलं. तेच उत्तर, तारीख बदलून. मग ती दर महिन्याच्या बैठकीला बसने ब्रॅकनफील्डला जायला लागली आणि पाहुण्यांच्या बाकावर बसायला लागली. हॅरल्डने आपल्या डेपोच्या नोंदींतून एक यादी काढून दिली: चार हिवाळ्यांत माळावरचा रस्ता तेवीस दिवस पूर्ण बंद होता, कोणत्या तारखेला, किती तास. ती यादी मी छापून दिली. मंडळातल्या दोघा-तिघांना ती पटली. सव्वा वर्ष गेलं तेव्हा मागणीचा कागद वर सरकत सरकत मंडळाच्या अध्यक्षाच्या टेबलावर पोचला आणि तिथे बसला.

लॉरिमर अजून होते. कसे होते ते कुणाला सांगता येत नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी पेपर त्यांना निरोप द्यायचे आणि ते पुन्हा दोन-चार मतांनी उरायचे. थॉर्नक्लफमध्ये मुलं जन्मत होती.

एका मंगळवारी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला. पलीकडे लॉरिमर स्वतः होते. मार्जरीने उजवा कान रिकामा करायला डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

"हेलिवेलबाई, शुक्रवारी मी राजीनामा देतोय. सध्या फक्त माझ्या बायकोला माहीत आहे."

"तब्येत?"

"नाही. मोजून पाहिलं, या वेळी भरत नाही. पेपरात वाचण्याआधी तुम्हाला कळावं असं वाटलं."

"नवा माणूस वॉर्डाला किती दिवसांत हात घालेल?"

"महिना. फार तर दोन."

"बरं केलंत सांगितलंत."

"हे कुणाला—"

"नाही सांगत. ठेवते, पीठ भिजवलंय."

तिने खरोखरच सांगितलं नाही. मलाही नाही, हॅरल्डलाही नाही. फक्त त्या संध्याकाळी ती वॉर्डात जन्मलेल्या मुलांच्या घरोघर गेली. गुरुवारी सकाळी हॅरल्डच्या नऊ नंबरच्या बसमध्ये अकरा आया चढल्या, अकरा तान्ही मुलं आणि दुधाच्या बाटल्या घेऊन. "आजच का गं?" असं एकीने विचारलं तर मार्जरी म्हणाली, "आज मला सुट्टी आहे." ब्रॅकनफील्डला आरोग्य मंडळाच्या अध्यक्षांच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. उरलेल्या आया जमिनीवर बसल्या. दुपारपर्यंत सगळ्या मुलांना एकदमच भूक लागली. अध्यक्षांची टंकलेखक बाई दोनदा आत गेली आणि तिसऱ्यांदा कोट घालून घरीच निघून गेली. अडीच वाजता अध्यक्ष दारात आले, म्हणाले, "कुठे आहे तो कागद?" मार्जरी म्हणाली, "तुमच्या डाव्या खणात. गेल्या महिन्यात तुम्ही चिटणीसाला सांगत होतात." त्यांनी सही केली.

शुक्रवारी दुपारी लॉरिमरनी राजीनामा दिला. शनिवारी विल्फ मार्जरीच्या दारात उभा होता. तो आत आला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "त्याने तुला आधी सांगितलं होतं."

"कोणी?"

"मी म्हातारा आहे, पोरी, खुळा नाही."

तिने त्याच्यासाठी चहा टाकला. दोघं त्या विषयावर पुढे बोलले नाहीत, पण विल्फ सोमवारी पुन्हा आला, आणि नंतर येतच राहिला.

नवा पंतप्रधान आमच्याच पक्षाचा. सातव्या आठवड्यात वॉर्ड बंद झाला. डेनिसने त्याविरुद्ध भाषण केलं, ते चांगलं होतं, आणि त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्या निवडणुकीत तो दोन हजारांनी पडला आणि पुन्हा शाळेत शिकवायला लागला. मला वाटतं तो तिथेच सुखी होता. त्या एकोणीस महिन्यांत वॉर्डात एकशे चौऱ्याण्णव मुलं झाली. गाडी आणि सुईण मात्र राहिली. पहिल्याच जानेवारीत माळाच्या ऐन माथ्यावर रस्ता अडला आणि एक मुलगा गाडीतच झाला. सुईण हजर होती, आई आणि मूल दोन्ही ठीक. ती बाई नंतर मुलाला घेऊन मार्जरीकडे आली. मार्जरीने त्याला घेतलं, वजन विचारलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

काही वर्षांनी लॉरिमरनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. जाडजूड, सहाशे पानांचं. आमच्या वाचनालयात आलं तेव्हा त्यासाठी रांग लागली. त्या बुधवारवर एक पूर्ण प्रकरण आहे: कोण कोण येऊन भेटलं, टॉलीने किती फोन केले, सहकाऱ्यांशी काय काय चर्चा झाल्या. थॉर्नक्लफचं नाव कुठेही नाही. हॅरल्डने शेवटची सूची दोनदा तपासली. मला राग आला, मी मार्जरीकडे जाऊन तसं म्हटलंही. ती शेंगा सोलत होती.

"लिहिलं असतं तर टॉलीचं म्हणणं पुन्हा खरं झालं असतं," ती म्हणाली. "प्रत्येक गाव आपलं पान मागत बसलं असतं."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. सर्दीचं लिहायला हवं होतं त्यांनी. किती आजारी होते त्या दिवशी, आणि चहासुद्धा न घेता गेले." मग तिने शेंगांचं अर्धं टोपलं माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही दोघं सोलत बसलो.